सगळे? पक्कं?

फळ्यावर इंग्रजी ए उलटा काढायचा, खडू टेबलावर आपटायचा आणि वर्गाकडे वळून विचारायचं, "सगळे? पक्कं?" सरांचा तास असाच सुरू व्हायचा.

उलटा ए म्हणजे 'प्रत्येकासाठी'. कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालला एवढं त्यांना पुरायचं नाही. तो प्रत्येक वेळी बरोबरच चालेल, हे गणितानं सिद्ध करा, हा हट्ट.

"चालून राहिला ना सर!" आम्ही ओरडायचो.

"यादी रिकामी आली तं? सरासरी काढाले भागशील कशानं?"

रिकामी यादी कोण देतं हो? पण नागपूरच्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत, पारशिवनीकडचा हा माणूस त्या रिकाम्या यादीवरून आम्हाला तासभर छळायचा. "एक वेगळा निघाला का खेळ खल्लास!"

माझं तर त्यांच्याशी जमणं अवघडच. मी पत्रकांच्या घरात वाढले. मोर्चे काढणाऱ्या आमच्या बाबांचं एकही पत्रक 'सर्व' या शब्दाशिवाय निघालं नाही.

मग कॉलेजनं सरांचा विषय बंद करून नोकरीच्या मुलाखतीचं प्रशिक्षण आणायचं ठरवलं. सर कंत्राटी, विषय गेला की तेही जाणार. मी तडक पत्रक लिहिलं : 'सर्व विद्यार्थ्यांची एकमुखी मागणी, हा विषय हवाच!' छापण्याआधी त्यांना दाखवलं. त्यांनी पेन काढून 'सर्व'वर सरळ रेघ मारली.

"काहून वं, सगळ्यायले विचारलं?"

"सर, तुमची नोकरी चाललीय!"

"मागच्या बाकावरचा तो झोपून राहते, त्याले पायजे माहा विषय?"

"हे पत्रक आहे सर, प्रमेय नाही!"

"खोटं ते खोटं. 'काही' लिही."

आता तुम्हीच सांगा, 'काही'वर कधी मोर्चा निघालाय? दात-ओठ खात मी 'काही' लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं आणि हसले. "काहींचीच ना? मग झालं."

शेवटच्या दिवशी सरांनी स्वतः फळा पुसला, उरलेला खडू खिशात टाकला. "येतो वं," म्हणाले. एवढंच.

परवा पदवी घ्यायला गेले, तर फाटकावर नवा फलक : 'आमच्या सर्व विद्यार्थ्यांना नोकरी!' मी त्याखाली उभी. पास होऊन वर्ष झालं, नोकरी नाही.

पिशवीतून मार्कर काढला. 'सर्व'वर सरळ रेघ मारली, वर 'काही' लिहिलं.

चौकीदार धावत आला. "काय करून राहिली वं?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.