चढावर थांबणारा टांगा

“मालक, उतरा. चढ हाय.”

एवढंच म्हणून तो आधी स्वतः खाली उडी मारायचा आणि घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून उभा राहायचा. विनंती नाही, हुकूमही नाही. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहराकडे वळलं की हा चढ लागे, आणि त्याच्या टांग्यात बसलेल्या प्रत्येक अकोलेकराने हे वाक्य ऐकलेलं आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळची ही गोष्ट. मी म्युनिसिपल कमिटीत कारकून होतो. मी उतरायचो, पण बरोबर कोणी मेंबर असले तर आधी त्यांच्याकडे बघायचो. मेंबर बसून राहिले की मलाही चढ दिसत नसे.

सकाळी तो भावाच्या मळ्यातली वांगी बाजारात आणायचा आणि दुपारी वकील, मेंबर, व्याख्याते वाहायचा. या दोन्हींत बरं कोण, असं मी एकदा विचारलं.

“वांगी बरी,” तो म्हणाला. “बोलत नाईत.”

आता आमच्या कमिटीची थोरवी सांगतो. गावात नळ नव्हता, गटार नव्हतं, पण कमिटीत एक डावे वकील होते आणि एक उजवे वकील होते. मग आणखी काय हवं? दोघं राहायला एकाच गल्लीत, त्यामुळे टांगाही एकच. डावे गळ्याला लाल रुमाल बांधत, उजवे कपाळाला गंध लावत. टांगेवाल्याच्या लेखी एक लाल वकील, दुसरे गंधवाले वकील. यापलीकडे दोघांत काय फरक आहे हे तो चढावरच शिकला.

लाल वकील चढावर उतरत नसत. “मी उतरलो तर तुझ्या घोड्यावर उपकार होतील,” ते बसल्या जागेवरून समजावत. “उपकाराने कष्टकऱ्याची गुलामी वाढते. हा चढ सपाट करणं हे कमिटीचं कर्तव्य आहे. तू ते हक्काने माग!” मग जगभरच्या चढांचा आढावा होई. टांगेवाला शांतपणे ऐकून घेई. मला वाटायचं, बिचाऱ्याला पटतंय. एकदा त्याने हळूच सांगितलं, “बोलू द्या त्याहिले. तेवढ्यात घोड्याले दम भेटते.”

गंधवाले वकील मात्र घोडं थांबायच्या आत उतरत. घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत, खिशातून गुळाचा खडा काढून चारत. मुक्या जनावरावर दया हा आपला धर्म, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. पण चढ सपाट करण्याचं नाव काढा, की तो आवाज लगेच कोरडा. “आजोबांच्या वेळेपासून हा चढ आहे. ज्याने त्याने आपलं ओझं आपण वर न्यावं. उद्या घराच्या पायऱ्याही कमिटीनेच चढवून द्यायच्या का?”

तुम्ही-आम्ही या विषयावर जाड जाड पुस्तकं वाचतो. त्याने लगाम सावरत एका वाक्यात सांगितलं, “एकाले घोडं दिसत नाई, अन एकाले चढ दिसत नाई.”

पुढे अमरावतीच्या एका कंत्राटदाराने अर्ज केला. स्टेशनासमोर कडुलिंबाच्या सावलीत टांगे उभे राहत, ती जागा त्याला मोटारींसाठी हवी होती; टांग्यांनी मालधक्क्यामागे जावं, असं त्याचं म्हणणं. टांगेवाला हादरला. गाडीतून उतरलेला माणूस समोर दिसेल त्यात बसतो. टांगा शोधत मालधक्क्यामागे कोण जाणार? जागा गेली की धंदा गेला, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सभेच्या दिवशी त्याने घोड्याला धुऊन काढलं आणि दोन्ही वकिलांना एकाच टांग्यात बसवून कमिटीत आणलं. दाराशी हात जोडून म्हणाला, “सायेब, तेवढी जागा राहू द्या. बाकी मले काई समजत नाई.”

दोघांनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि दोघांनी तो पाळला, हे मला इथे नमूद केलंच पाहिजे.

डाव्यांनी ठराव मांडला: जागा टांगेवाल्यांच्या संघाला द्यावी, जुना-नवा भेद न करता सर्वांना सारखा हक्क. उजव्यांनी दुसरा ठराव मांडला: जागा टांगेवाल्यांचीच, पण जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे उभी आहेत त्यांची, बापामागे मुलाची. संघबिंघ नको. भाषणं अशी झाली की अध्यक्ष जागे झाले. उजव्यांनी डाव्यांचा ठराव पाडला. डाव्यांनी उजव्यांचा पाडला. मालमत्ता म्हणजे काय, हा प्रश्न सभागृहात मावेना, तेव्हा दोघं तो घेऊन व्हरांड्यात गेले. तेवढ्यात अध्यक्षांनी कंत्राटदाराचा अर्ज मताला टाकला. तो एका मताने मंजूर झाला. व्हरांड्यात दोन मतं उभी होती. मी टाक खाली ठेवून त्यांना हाक मारू शकलो असतो. कारकुनाने सभेत बोलायचं नसतं, म्हणून मी लिहीत राहिलो.

परत जाताना ते त्याच्याच टांग्यात बसले. “तडजोड केली नाही!” दोघंही त्याला अभिमानाने सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “का लिवलं हाय ते वाचून दाखवा.”

मी सभेचा वृत्तान्त वाचला. त्याने सगळं उभ्यानेच ऐकलं.

“लाल वकील माह्याकडून बोलले?”

“हो.”

“अन गंधवाले?”

“तेही.”

“मंग माह्या इरोधात कोन बोललं?”

मी उगाच पानं चाळली. “तुझ्या विरोधात कोणी बोललं नाही.”

त्याने त्या कागदावर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं. मग म्हणाला, “बाबूजी, एवढं मले लिवून द्या. घरी सांगतलं तं कोनी मानून नाई राहिलं. बायको म्हन्ते, तूच कोनाशी भांडला असशीन.”

नक्कल हवी तर रीतसर अर्ज कर, त्यावर अध्यक्षांची सही लागते, असं मी त्याला सांगितलं. नियम तसाच होता. तो “बरं” म्हणाला आणि गेला.

घोडा-टांगा त्याने धामणगावच्या बाजारात विकला आणि तिकडेच लेकीकडे राहिला. दोन उन्हाळ्यांनी त्याचा भाऊ वांगी घेऊन दारावर आला, तेव्हा कळलं की तो गेला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

आता मला पेन्शन आहे, कोणाची सही लागत नाही. त्याच्या विरोधात कोणीही नव्हतं, हे मी आज लिहून देतो आहे. घ्यायला तो नाही.