बद्द वाजणारा पाय

मिस्त्री बागेतली मोडकी बाकं आणि खुर्च्या दुरुस्त करीत. बाकं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड पण ठिसूळ. साधं लोखंड वाकतं तरी, बीड एकदम तुटतं. तुटलेला पाय कोळशावर हळूहळू तापवायचा, पितळेची सळई वितळवून सांधा भरायचा आणि राखेत पुरून ठेवायचा. घाईनं गार झाला की पुन्हा तडकलाच. शेवटी तारेला टांगून हातोडीनं हलकेच वाजवायचा. खणखणीत वाजला तर काम पक्कं, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा.

बायको वारल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे आपले कान अधू झालेत हे मिस्त्रींना स्वतःलाच उशिरा कळलं. त्यांचा पाय भाजला होता तेव्हा चहाच्या दुकानात कुणीतरी विचारलं, "पाय कसा आहे?" हे म्हणाले, "चहा ना? चांगलाय की, साखर जरा कमी." सगळे पोट धरून हसले. मिस्त्रीही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून चहा खोलीवरच करून प्यायला लागले.

एकदा बागेच्या माळीणबाईंनी वेलबुट्टीच्या बाकाचा पाय आणून दिला. मिस्त्रींनी सांधा भरला, पाय टांगला, वाजवला. काहीच ऐकू येईना. जरा जोरात वाजवला. हाताला थरथर लागली तेवढीच. इतकी वर्षं हेच करतोय, पक्काच असणार, असं म्हणून त्यांनी तो देऊन टाकला.

थोड्याच दिवसांत बाई हातगाडीवर तोच पाय घेऊन परत आल्या. मिस्त्रींना ओठांवरून एवढंच कळलं, "बसला."

"बसला ना? छान झालं," ते म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. मग जवळ येऊन ओरडल्या, "बाक खाली बसला, मिस्त्री! एक आजोबा त्याच्यासकट आडवे झाले. लागलं नाही हे नशीब. वाजवून नव्हता का बघितलात?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "वाजवला होता. मला ऐकू नाही आलं."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

बाईंनी पाय तारेला अडकवला आणि हातोडी घेतली. "मी वाजवते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा." वरून खाली त्या ठोकत आल्या. वेलबुट्टीतल्या एका पानापाशी त्यांनी नाक मुरडलं. मिस्त्रींनी तिथे खडूनं खूण केली. पानाच्या मागे सांध्यातच केसाएवढा तडा होता; वजन पडल्यावर पाय तिथूनच कलला होता.

पुन्हा कोळसा, पुन्हा राख. दुसऱ्या दिवशी बाईंनी येऊन पाय वाजवला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. मिस्त्रींना तेवढ्यावरून आवाज कळला. त्यांनी दोन कप काढले. "चहा घेता ना?" बाई काहीतरी म्हणाल्या, झाडांना पाणी घालायचंय असं काहीसं, आणि गाडी ढकलत गेल्या. मिस्त्रींनी एक कप परत फळीवर ठेवला.

रविवारी ठरल्या वेळी मुलाचा फोन आला. तो लांबच्या शहरात असे. एरवी त्याच्या प्रत्येक वाक्याला "हो हो, मजेत" म्हणून ते वेळ मारून नेत. या खेपेला म्हणाले, "अरे, मला ऐकू येत नाही. बरेच महिने झाले."

पलीकडे मुलगा बोलू लागला. कानाला नुसती थरथर लागत होती, खूप वेळ. रागावलाय की रडतोय, काही समजेना. मिस्त्रींनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"बोल तू," ते म्हणाले. "मी ठेवत नाही."