गयाबाईंनी सोडलेली जागा

साल १९७४, गुढीपाडव्यानंतरचा तिसरा दिवस. इसाराची रक्कम पाचशे एक रुपये. हजर : मी, माझी पत्नी सुमन आणि घरमालक देवरावजी. त्या दिवशीच्या टिपणात मी एवढीच नावे लिहिली आहेत. चौथे माणूस, भिंती पोतारणाऱ्या गयाबाई, ओसरीवर पांढऱ्या मातीचे घमेले घेऊन बसले होते. ते माणूस मी धरलेच नाही, ही चूक आज दुरुस्त करतो.

मी मंगरूळपीरला बाजारात कारकून होतो. नऊ वर्षांची शिल्लक त्या मातीच्या घरात घालायची होती. भिंती नुकत्याच पोतारलेल्या, स्वच्छ पांढऱ्या. खोल्या मी टेपने मोजल्या, खांब मोजले : अकरा. त्यांतल्या चार खांबांच्या बुडाशी भिंतीवर वीतभर जागा कोरडीच सोडलेली दिसली. मी देवरावजींना म्हणालो, "पोतारा अर्धवट आहे. या बाईची मजुरी कापा."

"कापा ना," ओसरीवरून आवाज आला. "पण आंधी तिथं हात लावून पाहा, भाऊ."

भिंतीवर करंगळीएवढी मातीची रेघ वर चढत गेली होती. मला ती ओघळ वाटली. गयाबाईंनी उठून नखाने तिचा बोटभर तुकडा पाडला. आत वाळवीची पोकळ नळी, पण रिकामी.

देवरावजी हसले. "जुनी आहे ते. मेली केव्हाच."

"मेली असन तर उद्या असंच उघडं राहीन. जिती असन तर बुजवून ठेवन. उदई लाजरी आहे, भाऊ. उजेडात निंगत नाई, म्हणून जाईन तिथं मातीचं छप्पर घेऊन जाते."

"गया, तुह्यं काम पोताराचं आहे का तोंड चालवाचं?"

"पोतारलं ना, मालक. पण जित्या उदईवर मी हात फिरवत नाई. उद्या खांब बसला, तर लोक म्हणतीन गयानं झाकलं."

मी पाचशे एक रुपये खिशातच ठेवले आणि उद्या येतो म्हणालो. देवरावजींचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तुटलेली जागा ओल्या, गडद मातीने बुजलेली होती. गयाबाईंनी देवरावजींच्या घरातलीच गोणपाट शिवायची दाभण मागून घेतली आणि खांबात टोचली. वरून धड दिसणाऱ्या सागात ती नेढ्यापर्यंत गेली. सुमनने माझ्याकडे पाहिले. आमचा व्यवहार तिथेच संपला, आणि त्याच ओसरीवर गयाबाईंचे त्या घरातले कामही संपले. वर्षाला आठ पायल्या ज्वारीचे काम होते ते. वर देवरावजींनी गावभर सांगितले, ही बाई सौदे मोडते. त्यांच्या कामाची आणखी दोन घरे सुटली.

पुढे आम्ही दुसरे घर घेतले, तेही गयाबाईंनी चौकटी वाजवून पाहिल्यावर. कागदाच्या पेट्या भिंतीपासून हातभर दूर आणि विटांवर ठेवा, न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडात मुरू देऊ नका, हे त्यांनीच सांगितले. पाहण्याबद्दल पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "नुसतं पाह्याचे कायचे पैसे? पोतारलं कुठं मी?" आठ पायल्या ज्वारी पाठवली, तर पोते तसेच परत आले. सोबत निरोप : "मी काम करून खातो."

मग मी एक युक्ती केली. दिवाळीला पोतारा होत असेच. होळीलाही घ्यायला लागलो. भिंतींना गरज नव्हती. तीन होळ्या गयाबाई आल्या, भिंत कोपरा न कोपरा पोतारून गेल्या.

चौथ्या होळीला त्यांनी घमेले खाली ठेवले, सगळ्या भिंतींवरून तळवा फिरवला आणि मागे वळल्या.

"भाऊ, तुमी हिशेबी माणूस. चांगल्या भितीले दोनदा पोतारा काहून लावून राह्यले? मले समजत नाई का?"

मी तोंड उघडण्याआधी सुमनच म्हणाली, "बाई, पोतारा राहू द्या. घर कसं पाहायचं ते मला शिकवा. हे तर खांब मोजतात नुसते."

गयाबाई खळखळून हसल्या. मग दिवसभर दोघी घरभर फिरल्या. कुठे वाजवायचे, कुठे टोचायचे, पावसाळ्यात दिव्याखाली वाळवीच्या गळलेल्या पंखांचा ढीग दिसला तर कुठली चौकट तपासायची, सगळे सुमनने हाताने करून पाहिले. चुकली की बोलणी खाल्ली. "वरून नको थापटू ओ बाई, लेकराले झोपवतं का? बुडाशी ठोक!"

संध्याकाळी मी भीत भीत मजुरी पुढे केली. गयाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पैसे मोजून घेतले. त्या दिवशी भिंतीला मातीचे बोट लागले नव्हते. टिपणात मी लिहिले : घर पाहायला शिकवल्याबद्दल साडेतीन रुपये, गयाबाई यांना, रोख.