मामूंच्या हातचा घास

मामू ताटलीत काही वाढतच नसत. कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या त्या इवल्याशा सुशीच्या दुकानात मोजक्या खुर्च्या, समोर लाकडी फळी आणि फळीपलीकडे मामू. चिमूटभर भाताचा मुटका वळायचा, वर कच्च्या माशाचा पातळ काप ठेवायचा आणि थेट गिऱ्हाइकाच्या तळहातावर द्यायचा. मोबाईल सरसावून बसलेल्यांची मोठी पंचाईत व्हायची. "फोटो मागाहून काढ, आधी खा. ताटलीत गेला की भाताचा जीव जातो," हे ते अरबीत, हिंदीत आणि मी दिसले की मराठीत सुनावत.

मी इथल्या इस्पितळात नर्स. पहिल्यांदा गेले तेव्हा फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवते तोच फळीपलीकडून प्रश्न आला, "साताऱ्याची काय गो तू?" ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. सगळे मामू म्हणत, मीही म्हणू लागले. ते इथून गेल्याला आता वर्ष होईल. अजून त्या रस्त्याने जायला मला नको वाटतं.

दुकानातला मासा विमानाने यायचा, तरी रोज सकाळी शर्कच्या मासळीबाजारात मामूंची फेरी ठरलेली. घेत काहीच नसत. "नुसता बघून येतो. सोयरे भेटल्यासारखा वाटता," म्हणायचे.

गावी मात्र त्यांनी आपल्या हुन्नराचा पत्ता लागू दिला नव्हता. बायकोला, जुलेखाला वाटे, नवरा हॉटेलात कालवण रांधतो. "कच्चा वाढतो सांगितला तर गाव हसंल. म्हणतील, इतकी वर्षं कुवेतला राहिला, पण माशाला आग दाखवायला शिकला नाय!" तरी मनात एकच इच्छा होती. जुलेखाला एकदा इथे आणायचं, या फळीसमोर बसवायचं आणि आपल्या हातचा घास खाऊ घालायचा. व्हिसाचं घोडं दर वेळी कुठेतरी अडायचं.

एका दुपारी भात वळताना त्यांचा अंगठा थरथरताना दिसला. मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. औषधं घेऊनही थरथर वाढत गेली. मालक भला माणूस, त्याने काढून टाकलं नाही, आत भात धुवायला बसवलं. बाहेर फळीवर ताटल्या आल्या. मामू मनातून खचले.

"घरी सांगितलंत?" मी विचारलं.

"ती येऊ दे. एकदा खाऊ दे. मग सांगतो."

शेवटी व्हिसा झाला. दुकान उघडण्याआधीचा वेळ मालकाने त्यांना दिला. धीर यावा म्हणून मामूंनी मलाही बोलावलं. जुलेखाभाभी ओढणी सावरत खुर्चीवर बसल्या. मामूंनी हात ओले केले, भात घेतला. मुटका काही वळेना. शितं बोटांतून गळत होती, काप घसरत होता. अखेर जमलं तसं त्यांनी पुढे केलं, तर हात हवेतच हलत राहिला.

भाभींनी माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरला.

"कवापासून?"

मामू कसनुसं हसले. "तू येईपर्यंत हात टिकतील वाटला होता."

भाभींनी त्यांच्या तळहातावरचा तो विस्कटलेला घास तसाच उचलून तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदाच त्या कच्चा मासा खात होत्या. सावकाश चावून गिळला. मग मामूंच्या बोटांना चिकटलेली शितंही एकेक करून वेचून खाल्ली.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "आता घरी चला."