मावशींची रंगीत उकड

गंगाखेडजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. आमची निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परततात. गेल्या वर्षी मुलांना खेळायला रंगीत मातीचे डबे आले होते. पण महिनाभरात ती माती वाळून खडा झाली. बाहेर गेलेली लेकरं यायच्या आत आपणच तशी माती करायची, असं मी ठरवलं.

घरून मैदा, मीठ आणि तेल नेलं. हळद घालून गार पाण्यात मळलं, तर गोळा बोटांना सोडेचना. मोबाइलवर बघून पुन्हा केलं, तरी तेच. आमच्या मदतनीस मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

"बाई, तुमी कच्च्या पिठाशी कशाला झुंजायलाय?" त्या म्हणाल्या. "ज्वारीची भाकरी मोडायली तर आपण काय करतो? उकड काढतो. याचीबी काढा की."

आणि उठून त्यांनीच गॅसवर पाणी ठेवलं. मीठ, तेल, हळद घालून उकळी आली तसा मैदा ओतला, उलथन्यानं हलवला, वर झाकण ठेवलं. गरम असतानाच तेलाच्या हातानं मळला. गोळा इतका मऊसूत झाला, की मी कितीतरी वेळ नुसती दाबत बसले. दुसऱ्या दिवशी बीटाच्या रसाचा लाल आणि पालकाचा हिरवा झाला. मुलांनी आधी चाखून पाहिला आणि खारट लागला म्हणून थुंकला. मग खेळायला घेतला.

उन्हाळ्यात तोडीवरून आलेली पाच वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात बसून त्या पिठाची बाई करत होती. बाईच्या डोक्यावर तिनं उसाची हिरवी मोळी ठेवली. त्या दिवशी आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या. त्या तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या.

"अगं, मोळी लय जड झाली. पडेल ना ही!"

"माझी माय हाय ती," मुलगी म्हणाली. "पडत न्हाई."

मॅडमनी शेजारचा एक गोळा उचलून हातात दाबून पाहिला. जाताना म्हणाल्या, "तालुक्याच्या बैठकीत हे पीठ सगळ्यांना करून दाखवा."

"मी नाही, मावशी दाखवतील," मी म्हटलं.

मावशी घाबरल्या. "मला कुठं बोलता येतंय?"

"बोलू नका. नुसतं करा."

बैठकीला त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. शेगडी पेटेपर्यंत गप्प होत्या. एक तरुण सेविका घाईनं मैदा ओतायला गेली, तसा त्यांनी तिचा हात धरला. "थांब बाळा, पाण्याला उकळी तर येऊ दे!" सगळं सभागृह हसलं, आणि मावशींची जीभ सुटली. किती मीठ, किती तेल, कधी मळायचं, त्या सांगत गेल्या आणि सगळ्याजणी वहीत लिहीत गेल्या.

"ह्या कोण?" शेजारच्या सेविकेनं विचारलं.

"आमच्या अंगणवाडीच्या आहेत," मी म्हटलं आणि खुर्चीत जरा ताठ बसले.