दोन्ही सारखं

उल्हास मेहेंदळ्यांना लेस्टरमध्ये दोन नावं होती. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती आजीबाई त्यांना 'चश्मावाला भाई' म्हणत. मंडळाच्या गणपतीला जमणारे आपले लोक त्यांना 'गाडीवेडा' म्हणत, अर्थात पाठीमागे. मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात पुढच्या टेबलावर बसायचे, फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायचे. त्यामुळे दोन्ही नावांची खात्री मीच देऊ शकते. दोन्ही खरी होती.

डोळे तपासण्याची त्यांची रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या डोळ्यांपुढे ते भिंगं बदलत आणि एकच प्रश्न विचारत, "हे बरं, की हे?" पेशंट म्हणणार पहिलं, किंवा दुसरं. की लगेच नवं भिंग. "आणि आता? हे, की हे?" पेशंट कंटाळायचे, उल्हासराव नाही. शेवटी पेशंट काकुळतीला येऊन म्हणायचा, "दोन्ही सारखंच दिसतंय हो!" आणि उल्हासरावांचा चेहरा खुलायचा. नंबर सापडला! नंबर काढणारं मशीन दुकानात होतं, चांगलं महागाचं होतं, पण नुसत्या मशीनच्या आकड्यावर त्यांनी कधी चष्मा दिला नाही. "मशीन अंदाज सांगतं, आशाबाई," ते म्हणायचे. "बघायचं माणसाला असतं. त्याला विचारायला नको?"

२००१ साली या माणसाने एव्हिंग्टनच्या घरी गाडी आणली. आणली म्हणजे ट्रकवर घालून आणली. दोन सीटांची, उघड्या टपाची, साठच्या दशकातली एमजी. रंग मूळचा लाल म्हणे. मला तरी गंजाचाच रंग दिसला. इंजिन वेगळं, दारं वेगळी, आणि खोकी भरभरून सुटे भाग. मी म्हटलं, "उल्हासराव, ही गाडी आहे की मोड आहे?" ते हसले आणि एक पितळी स्क्रू डोळ्यांशी नेऊन बघत राहिले.

त्यांची बायको सुचेता माझी मैत्रीण. लायब्ररीत नोकरी करायची, तोंडाने फटकळ, मनाने हळवी. गाडी बघून तिने जाहीर केलं, "मला न विचारता आलेल्या पाहुणीला मी चहा विचारणार नाही." आणि खरोखर, गराजचा उंबरा तिने ओलांडला नाही. तिची तक्रार एकच. घरातली चिंच संपायची. कार्ब्युरेटरचे पितळी भाग उल्हासराव चिंचेच्या कोळात भिजत घालायचे, आपली आई देवाची भांडी घासायची तसे. ते भाग लखलखायचे आणि इकडे आमटी बेचव.

मी मात्र जायचे गराजमध्ये. भोचकपणा माझ्या अंगातच आहे. भिंतीवर नट फिरवायचे पाने ओळीने टांगलेले, आणि त्यांच्या शेजारी चष्म्याच्या काड्या बसवायचे ते इवलेसे स्क्रूड्रायव्हर. तेलाची पातळी बघायची पट्टीसुद्धा हा माणूस भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने पुसायचा. एक नट गंजून बसला होता. त्याला रोज संध्याकाळी दोन थेंब तेल द्यायचं, पाना लावून बघायचं, हलला नाही की उद्या. रागावणं नाही, हातोडा नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी नट आणि गाडी दोन्ही कालव्यात फेकली असती. एका संध्याकाळी तो नट फिरला. उल्हासराव त्याला म्हणाले, "या." बस, एवढंच.

२००४ च्या वसंतात गाडी सुरू झाली. मी चकल्यांचा डबा घेऊन गेले होते, आणि मनात भाषण तयार होतं की आता सुचेताला चार दिवस कुठे तरी घेऊन जा. बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि मला ते चांगलं चाललंय असंच वाटलं. उल्हासराव म्हणाले, "नाही. लंगडतेय." मग त्यांनी समजावलं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारे दोन कार्ब्युरेटर शेजारी शेजारी असतात. दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा. एकाने जास्त ओढला की गाडी लंगडते. त्यांच्या हातात हातभर रबरी नळी होती. एक टोक त्यांनी माझ्या कानात दिलं, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं.

मी आजवर देवळात गेले, डोंगर चढले, दोन बाळंतपणं केली. पण तेव्हा अंगावर जसा काटा आला तसा क्वचितच आला असेल. इंजिनाची धडधड कुठल्या कुठे गेली आणि कानात फक्त श्वास. लांब, एकसारखा. एका मेलेल्या लोखंडाला या माणसाने चिंचेच्या कोळाने आणि दोन थेंब तेलाने श्वास घ्यायला लावलं होतं! मी भाषण विसरले. त्यांनी नळी स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले. आधी हा, मग तो. बोटाने एक बारीक स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा हा, पुन्हा तो. ओठ हलत होते. मी नीट पाहिलं, ते स्वतःलाच विचारत होते, "हे, की हे?" आणि एका क्षणी ती सगळी गाडी शांत झाली. बंद नाही, शांत. चाकावरच्या पत्र्यावर ठेवलेल्या माझ्या डब्यातल्या चकल्या खडखडायच्या थांबल्या.

दोन उन्हाळे ती गाडी फिरली. टप उघडून पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, स्केग्नेसच्या समुद्रावर. सुचेता एकदाच बसली आणि केसांचं घरटं झालं म्हणून भांडली. पण दर थोड्या दिवसांनी ते श्वास पुन्हा जुळवावे लागायचे. हवा बदलली की जुन्या गाडीचा मूड बदलतो म्हणे. उल्हासराव खुशीत नळी घेऊन बसायचे.

मग २००६ मध्ये त्यांचे कान गेले. आधी फोन ऐकू येईना, मग दुकानाच्या दाराची घंटा, मग आम्ही. डॉक्टर म्हणाले, कानाची नस वाळत चालली आहे, हे परत यायचं नाही. कानात यंत्रं बसली. माणसाचं बोलणं त्यातून थोडं कळायचं, समोर बसून सावकाश बोललं तर. पण इंजिन सुरू केलं की ते यंत्र सगळ्याचा एकच चुर्र आवाज करायचं. "कढईत पापड सोडल्यासारखं," ते म्हणाले आणि यंत्र काढून खिशात ठेवलं.

दुकानाचं आम्ही निभावलं. अंधाऱ्या खोलीत त्यांना पेशंटचे ओठ दिसेनात, तर मीच युक्ती काढली. पहिलं बरं असेल तर त्यांच्या मनगटावर एक टिचकी मारायची, दुसरं असेल तर दोन, सारखंच असेल तर हात नुसता ठेवायचा. आजीबाई मोठ्या हौसेने टिचक्या मारायच्या. चष्मे चुकले नाहीत. पण गाडी टिचकी कशी मारणार?

मुलाने, शार्दूलने, ब्रिस्टलहून एक उपकरण पाठवलं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी लावायचं, किती हवा आत जाते ते काटा दाखवतो. उल्हासरावांनी ते लावून बघितलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "अंदाज चांगला सांगतं." पुढचं वाक्य त्यांना म्हणावं लागलं नाही, ते मला पाठ होतं. मी चिडलेच. म्हटलं, हा कसला हट्ट, काट्यावर सगळं जग चालतं! त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल.

गाडी लंगडायला लागली. त्यांनी तिच्यावर चादर घातली. संध्याकाळी ते आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसू लागले. आणि २००७ च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "नॉटिंगहॅमचा एक माणूस शनिवारी येतोय. गाडी देऊन टाकतो त्याला. त्याला कान आहेत."

सुचेता दुसऱ्या दिवशी दुकानात आली आणि माझ्या टेबलाशी रडली. "मला वाटलं होतं, मी सुटले म्हणेन. पण आशा, गाडी गेली ना, तर हा माणूस त्या टीव्हीपुढून उठायचाच नाही गं. आत्ताच दिवसाला चार शब्द बोलतो. मग तेही नाही." मी तिला चहा दिला. ती डोळे पुसत मागच्या खोलीच्या उघड्या दारातून बघत राहिली. आत एक आजीबाई उल्हासरावांच्या मनगटावर टिचक्या मारत होत्या.

शनिवारी सकाळी तिचा फोन. "ये. आत्ता. जुने कपडे घालून ये."

मी गेले तर गराजचं दार सताड उघडं. बागेला पाणी घालायच्या होजचे तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने दोन तुकडे केलेले. साडीवर कार्डिगन, दोन्ही नळ्यांची टोकं दोन कानांत, आणि ती निसटू नयेत म्हणून डोक्याभोवती करकचून बांधलेला लोकरी मफलर. दाढ दुखणाऱ्या माणसासारखी दिसत होती. उल्हासराव बॉनेटपाशी उभे. त्यांना वाटत होतं, बायकोला काही तरी झालंय. "ही दोन टोकं धर," ती मला म्हणाली, "एक या तोंडाशी, एक त्या." मग नवऱ्याच्या समोर जाऊन, ओठ मोठे करत, "अहो, गाडी सुरू करा!"

गाडी सुरू झाली, लंगडत, कण्हत. उल्हासराव स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकले, पण बायकोकडे बघावं की स्क्रूकडे हे त्यांना कळेना. सुचेता त्यांच्या मागे गेली आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. उजवा खांदा तिने जोरात दाबला. ते चमकून वळले, जरा रागावूनच. तिने पुन्हा उजवा दाबला आणि हनुवटीने उजवीकडचा कार्ब्युरेटर दाखवला.

त्यांना कळलं. कळताना मी त्यांचा चेहरा बघितला, तो मी कधी विसरणार नाही.

ते वळून वाकले. उजवा स्क्रू जरासा फिरवला. "आता? हे, की हे?" सवयीने तोंडातून निघालंच. तिचा उजवा हात सैल पडला. मग डावा दाबला गेला. डावा स्क्रू. पुन्हा उजवा, पण हलकेच. डोळे मिटून ऐकत होती ती, आणि जे कानात येत होतं ते तसंच्या तसं तळहातांतून त्यांच्या अंगात उतरवत होती. "आशाबाई, नळ्यांची अदलाबदल करा," ते ओरडले. तिचा एक कान जास्त तिखट असला तर? बघायला नको? मी केली अदलाबदल. एकमेकांशी धड न बोलणारी ही दोन माणसं मिळून आता एकच माणूस झाली होती, आणि मी नुसती नळ्या धरून उभी!

तेवढ्यात दाराशी सावली पडली. टोपी घातलेला एक म्हातारा इंग्रज, नॉटिंगहॅमचा. "हलो?" तो म्हणाला. या दोघांना काहीच ऐकू गेलं नाही. ह्यांचे कान गेलेले, तिच्या कानांत नळ्या. मी त्याच्याकडे बघून ओठ मिटले आणि मान हलवली. त्याने बॉनेटकडे बघितलं, मफलरकडे बघितलं, खांद्यांवरच्या हातांकडे बघितलं, आणि टोपी काढून हातात घेतली.

"हे, की हे?"

सुचेताचे दोन्ही तळहात सारखे टेकले आणि तिथेच राहिले. गाडी शांत झाली. तीच ती शांतता, मी ओळखली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने हात उचलले नाहीत.

"दोन्ही सारखं," उल्हासराव म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि मागे न वळताच म्हणाले, "थंडी पडली की हे पुन्हा बघावं लागेल. तू लागशील मला."

"काय?" सुचेता म्हणाली. नळ्या अजून कानांतच होत्या.

ते वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तू लागशील म्हणतोय!"

दारातल्या पाहुण्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि मला हळूच विचारलं, "शी इज नॉट फॉर सेल, इज शी?"

"नो," मी म्हटलं. "चहा घेऊन जा."