गुळाचा खडा घोडीला

दर उन्हाळ्यात गावाची गुरं सीना नदीकाठच्या कुरणात नेणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. राज्य इंग्रजांचं होतं, पण मी दहा वर्षांची असूनही माझा तोरा राणीचा! एकदा हट्टाने त्याच्या म्हाताऱ्या घोडीवर बसले आणि तिलाच चालायला शिकवू लागले.

नदीशी पोचलो, तर आमची गाभण गाय कपिली कळपात नाही. वडिलांचा तिच्यावर फार जीव. ती पलीकडे गेली असणार म्हणून मी घोडी पाण्याकडे पिटाळली. घोडी उलटी वळून बाभळींत शिरली.

"अवो, हिला आवरा की!" मी किंचाळले.

तो तंबाखू मळत निवांत मागून आला. "लगाम सोड, पोरी. गाय मागं ऱ्हायली की ही पुढं जात न्हाय."

बाभळीखाली कपिली नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटत होती.

आमच्या मागून बैलगाडीने निघालेले वडील तेवढ्यात पोचले. मी ऐटीत म्हणाले, "मीच शोधली!"

त्याने कनवटीचा गुळाचा खडा काढला. मी हात पुढे केला. त्याने तो घोडीला भरवला.

"तू निस्ती बसली हुतीस की, बाय!"

आता म्हातारी घोडी मीच; नातवंडं सल्ला विचारायला आली, की मी आधी गूळ मागते.